काळ्या कोटिंगच्या आधी पत्र्याकडे बघा

पुण्यात जुनी पद्मिनी किंवा अँबॅसिडर नव्यासारखी करून घेताना सगळी चर्चा वरच्या रंगाची होते. पोटाखाली मात्र गाडी ताब्यात द्यायच्या आदल्या दिवशी गंजापासून वाचवायच्या काळ्या कोटिंगचा एक हात मारला जातो. या गाड्यांना वेगळी चासी नाही. फ्लोअर, साईड सिल (दारांखालची पोकळ पट्टी) आणि चाकांच्या कमानी हाच त्यांचा सांगाडा, त्यामुळे तिथला पत्रा कुजला की गाडीची ताकदच जाते.

गंजलेल्या पत्र्यावर लावलेलं जाड कोटिंग हे उघड्या पत्र्यापेक्षा वाईट. गंजायला लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन लागतो. मीठ असेल तर पाण्यातून वीज सहज वाहते आणि काम भराभर होतं. ताम्हिणीतून कोकणात जाऊन आलेली गाडी खालून धुवायची ती याचसाठी. कोटिंग कडेला सुटलं की त्या फटीत पाणी ओढलं जातं आणि वाळत नाही. फटीच्या तोंडाशी ऑक्सिजन भरपूर आणि आत कमी, म्हणून लोखंड नेमकं आतल्या बाजूला विरघळतं. तयार झालेला गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा व्यापतो, कोटिंग आणखी उचलतो, फट वाढते. स्वस्त डांबरी कोटिंग काही वर्षांनी कडक होऊन तडकतं, तेव्हा हेच होतं. वरून काळं कुळकुळीत दिसतं आणि स्क्रू-ड्रायव्हर टोचला की आरपार जातो.

म्हणून वेल्डिंग सगळं उरकल्यावर पहिलं काम म्हणजे तेल-ग्रीस काढणं. घासणं त्यानंतर. आधी घासलं तर सँडपेपर तेच तेल पत्र्याच्या ओरखड्यांत भरतो. एका फडक्यावर डीग्रीझर घेऊन पुसायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं. नुसतं उडू दिलं तर तेल जागच्या जागी राहतं.

गंज काढताना ग्राइंडरवरचा वायर ब्रश फसवतो. गंजाचे खड्डे तो चकचकीत करतो, रिकामे करत नाही. खड्ड्यात काळे ठिपके दिसत असतील तर गंज तिथेच आहे. ८० नंबरच्या पेपरनं किंवा हलक्या दाबाच्या ब्लास्टिंगनं (हवेच्या झोतातून बारीक कणांचा मारा) ते काढावेत. दाब जास्त झाला तर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा वाकतो. फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर लावायचं रसायन, वापरलंच तर त्याचा अवशेष डब्यावर लिहिल्याप्रमाणे पूर्ण काढावा, कारण ॲसिड उरलं की पुढचा इपॉक्सी प्रायमर नीट पकडत नाही.

आता उघड्या पत्र्यावर हार्डनर मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर. खरं संरक्षण हाच थर करतो, वरचं काळं कोटिंग खडीचा मार झेलायला असतं. प्रायमरचे दोन हात, मग प्रत्येक सांध्यावर फट बुजवणारा सीम सीलर. सांधा उघडा राहिला तर बाकीची मेहनत पाण्यात.

हवामानाचं गणित इथे आड येतं. हवेतल्या वाफेचं ज्या तापमानाला पाणी होतं तो दवबिंदू. पत्रा त्यापेक्षा किमान ३ अंश गरम असायला हवा. जुलैत हवा २५ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २२ अंशांच्या वर जातो. त्यात थिनर उडताना पत्र्याला थंड करतो, म्हणजे रंगाखाली डोळ्यांना न दिसणारं दव बसतं. मार्चच्या दुपारी ३६ अंश आणि २० टक्के आर्द्रतेत दवबिंदू १० अंशांच्याही खाली असतो. पुण्यात हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच उरकावं. पावसाळ्याच्या तोंडावर घाईनं करण्यात अर्थ नाही.

कोटिंग किती लागेल? १ चौरस मीटरवर १ लिटर पसरलं की ओला थर १ मिलिमीटर होतो. कोटिंगमध्ये घन भाग निम्मा असेल तर वाळल्यावर अर्धा मिलिमीटर उरतो. पोट आणि कमानी मिळून ५ चौरस मीटर धरले तर ५ लिटर, वर उडून वाया जाणारं वेगळं. एका डब्यात अख्खी गाडी होते असं कुणी सांगितलं तर थर किती पातळ बसणार ते ओळखा. तो एकदम जाडही मारू नये. वरची साय धरते, आत थिनर अडकतो आणि फोड येतात.

मास्किंगला वेळ द्या. सिलेन्सर, ब्रेकचे होज आणि ड्रम, हँडब्रेकची केबल, रबरी बुश, स्प्रिंगचे पाटे, ग्रीस निपल, मागच्या ॲक्सलचा ब्रीदर (हवा जायचं भोक) यांवर कोटिंग नको. प्रोपेलर शाफ्टवर तर अजिबात नको, असमान थरानं त्याचा तोल जातो. सिल आणि दारांची पाणी निघायची भोकं बुजली तर पत्रा आतून कुजतो. त्यांत आधीच फोमचे बोळे घालावेत आणि शेवटी आठवणीनं काढावेत.

गाडीखालच्या पिटमध्ये (खड्ड्यात) काम करणाऱ्यानं कोळशाच्या फिल्टरचा मास्क लावावा आणि पंख्यानं हवा बाहेर खेचावी. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात साचते. तिथे साध्या मोटरचा पंखा किंवा ग्राइंडरची एक ठिणगीही चालणार नाही.

सिलच्या पोकळीत स्प्रे गन पोचत नाही. तिथे लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत सोडायचं पातळ मेण, सोडायचं, तेही सगळ्यात शेवटी, कारण वॅक्स सांडलेल्या जागी पुढे काहीच चिकटत नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या भोकांतून वॅक्सचे थेंब गळलेले दिसले तर ते आतल्या सांध्यापर्यंत उतरलं आणि वाटही मोकळी आहे. भोक कोरडं असेल तर तार घालून बघा आणि त्या बाजूला पुन्हा वॅक्स सोडा.