व्हिडिओ सगळे पाहिले, मग प्रमाणपत्र का आलं नाही?

स्वयम् आणि एनपीटीईएलचे ऑनलाइन अभ्यासक्रम करणाऱ्या आमच्या संगणक केंद्राच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दर सत्राच्या शेवटी काउंटरवर हा प्रश्न येतोच. अभ्यास मनापासून केलेला असतो, वही टिपणांनी भरलेली असते, पेपरही बरा गेलेला असतो. निकाल उघडावा तर असाइनमेंटच्या, म्हणजे दर आठवड्याला सोडवून पाठवायच्या प्रश्नांच्या, रकान्यात शून्य. बहुतेक वेळा कारण एकच निघतं: अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला एका ई-मेलवरून आणि परीक्षेचा अर्ज भरला दुसऱ्या ई-मेलवरून. निकाल लागल्यावर आमच्याकडे आलात तर आम्हालाही फारसं काही करता येत नाही, म्हणून हे पत्रक आधीच हातात देत आहोत.

स्वयम् हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं पोर्टल २०१७ पासून चालू आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यावरचे एनपीटीईएल या उपक्रमाचे अभ्यासक्रम आयआयटी आणि बंगळूरुच्या आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) इथली मंडळी चालवतात. ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात, जानेवारी आणि जुलै अशी दोन सत्रं असतात. प्रवेश, व्हिडिओ, वाचायचं साहित्य, असाइनमेंट हे सगळं मोफत. वयाची अट नाही. पैसे लागतात ते फक्त परीक्षेला, आणि परीक्षा ऐच्छिक आहे. प्रमाणपत्र मात्र परीक्षेशिवाय मिळत नाही. व्हिडिओ किती पाहिले याला गुण नसतात.

प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेचा अर्ज भरला, असं होत नाही. तो अर्ज वेगळा असतो, सत्र सुरू झाल्यानंतर उघडतो आणि ठरलेल्या दिवशी बंद होतो. त्या अर्जात तुमची ओळख पटवणारी गोष्ट म्हणजे तुमचा ई-मेल. असाइनमेंटचे गुण ज्या ई-मेलने प्रवेश घेतला त्याच्या नावावर जमा झालेले असतात. परीक्षेचा अर्ज दुसऱ्या ई-मेलवरून आला की यंत्रणेच्या लेखी तो दुसराच माणूस, आणि त्याच्या खात्यावर एकही असाइनमेंट नाही.

हे घडतं कसं तेही सांगतो, कारण घडताना ते कळतच नाही. फोन मुलाने किंवा सुनेने सुरू करून दिलेला असतो, त्यात त्यांचंच जीमेल चालू असतं. स्वयम्‌वर गूगलच्या बटणावर बोट ठेवलं की पुष्कळदा फोन काही न विचारता त्याच खात्याने आत नेतो. तुम्ही महिना-दीड महिना असाइनमेंट भरता त्या सगळ्या मुलाच्या ई-मेलवर जातात. पुढे परीक्षेचा अर्ज आमच्याकडे संगणकावर भरताना तुम्ही स्वतःचा ई-मेल सांगता. दोन्ही ठिकाणी तुम्ही खरंच सांगितलेलं असतं, तरी जोड लागत नाही.

म्हणून प्रवेशाच्या दिवशीच एक काम करा. आत गेल्यावर पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तुमचं नाव किंवा गोल चित्र दिसेल, त्यावर टिचकी मारा आणि ई-मेल अक्षर अन् अक्षर वाचा. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अर्ज भरायला याल तेव्हा तीच वही आणा, आम्ही त्यावरून टाईप करतो, तुमच्या आठवणीवरून नाही. काही जणांना हा हट्ट वाटतो. पण एका टिंबाच्या फरकाने सत्र वाया जाण्यापेक्षा दोन मिनिटं जास्त लागलेली परवडतात.

चुकीच्या खात्याने सुरुवात झालीच असेल तर घाबरू नका. पहिल्या एक-दोन आठवड्यांत लक्षात आलं तर प्रवेशाची मुदत आहे का पाहून योग्य ई-मेलने नव्याने प्रवेश घ्या आणि असाइनमेंट पुन्हा भरा. बरेच आठवडे गेले असतील तर नवं खातं अजिबात उघडू नका. मुलाचा तर मुलाचा, त्याच ई-मेलवरून परीक्षेचा अर्ज भरा, फक्त नाव आणि फोटो तुमचा. अर्ज चुकीच्या ई-मेलवरून गेला आणि मुदत शिल्लक असेल तर बरोबर ई-मेलवरून दुसरा अर्ज भरता येतो. आधी भरलेले पैसे परत मिळतील असं मात्र धरून चालू नका.

असाइनमेंटला इतकं महत्त्व का, ते हिशेबाने पाहा. एनपीटीईएलच्या शंभर गुणांपैकी २५ असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० लागतात, दोन्ही अटी वेगवेगळ्या पाळाव्या लागतात. ४ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात तुमच्या सर्वांत चांगल्या ३ असाइनमेंट धरतात, ८ आठवड्यांत ६ आणि १२ आठवड्यांत ८. समजा ८ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात तुमच्या चांगल्या सहा असाइनमेंटची सरासरी १०० पैकी ८० आली, तर त्याचे २५ पैकी २० गुण झाले. परीक्षेत १०० पैकी ४० मिळाले तर त्याचे ७५ पैकी ३०. एकूण ५०, प्रमाणपत्र मिळालं. आता उलटं पाहा: परीक्षेत १०० पैकी ९० मिळाले म्हणजे ६७.५ गुण झाले, पण ई-मेलच्या घोळाने असाइनमेंट शून्य. प्रमाणपत्र नाही. डोळ्यांत पाणी आणणारा निकाल असतो हा, आणि तो टाळणं पूर्ण आपल्या हातात आहे.

असाइनमेंट दर आठवड्याला असते. मुदत सहसा पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी रात्री ११:५९ पर्यंत, तरी पानावर लिहिलेली तारीखच खरी माना. मुदतीच्या आत कितीही वेळा उत्तरं बदलता येतात, शेवटची पाठवलेली धरतात. म्हणून व्हिडिओ पूर्ण व्हायची वाट न पाहता सोमवारी-मंगळवारी एकदा प्रश्न वाचून जमतील ती उत्तरं पाठवून टाका. प्रश्न डोक्यात ठेवून व्हिडिओ पाहिला की नेमकं काय ऐकायचं ते कळतं, आणि बुधवारी वीज गेली तरी काहीतरी जमा असतं. उत्तरांवर नुसत्या खुणा करून पान बंद करू नका. सबमिटचं बटण दाबल्यावर शेवटचं कधी पाठवलं त्याची तारीख आणि वेळ पानावर उमटते. ती दिसली नाही तर गेलं नाही असं समजा. फोनवरून भरणाऱ्यांचं इथेच जास्त चुकतं, कारण ते बटण पानाच्या अगदी तळाशी असतं.

नावाबद्दल. परीक्षेच्या अर्जात लिहाल तेच नाव आणि तोच फोटो प्रमाणपत्रावर छापला जातो. परीक्षा केंद्रावर हॉल तिकिटासोबत मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींच्या आधारवर एक नाव, पदवीवर दुसरं आणि बँकेत तिसरं असतं. परीक्षेला जे ओळखपत्र नेणार त्यावरचं नाव, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने लिहायचं. फोटो पासपोर्टच्या धर्तीचा हवा, लग्नसमारंभातून कापलेला नको.

आता आमच्या काही नियमांबद्दल, कारण त्यावरून कधीकधी वाद होतात. आम्ही तुमचं जीमेल आमच्या मोबाईल नंबरवर काढत नाही. पुढे पासवर्ड विसरलात की कोड आमच्या नंबरवर येणार आणि तुम्ही दुसऱ्या गावी असणार. खातं तुमचं, तर नंबरही तुमचाच हवा. तुमचे पासवर्ड आम्ही लिहूनही ठेवत नाही. दोन वर्षं एकदाही न उघडलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, तेव्हा अभ्यासक्रम संपला तरी अधूनमधून ते उघडत राहा.

असाइनमेंटची उत्तरं आम्ही सांगत नाही, कितीही पैसे देऊ केले तरी. न समजलेला प्रश्न उलगडायला मात्र जरूर मदत करतो. पहिल्याच बैठकीत एकापेक्षा जास्त अभ्यासक्रमांना प्रवेशही घेऊन देत नाही. उत्साहाच्या भरात चार-पाच घेतलेले लोक तिसऱ्या आठवड्याला सगळेच सोडतात. नोकरी-घर सांभाळून पहिल्यांदा करणाऱ्याने ४ किंवा ८ आठवड्यांचा एकच घ्यावा. आठवड्याला साधारण अडीच तासांचे व्हिडिओ असतात, थांबवून टिपणं काढत पाहिले तर चार-पाच तास धरा. व्हिडिओची स्पष्टता (क्वालिटी) ३६०पी वर ठेवली तर तासाला साधारण ३०० एमबी लागतात, आणि फळ्यावरचं अक्षर वाचता येतं.

इंग्रजीची धास्ती हा दुसरा मोठा अडसर. एनपीटीईएलच्या काही अभ्यासक्रमांचे व्याख्यान-मजकूर मराठीत भाषांतरित झालेले आहेत, आधी ते आहेत का पाहा. नसतील तर संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे पारिभाषिक कोश आणि वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश, दोन्ही इंटरनेटवर मोफत आहेत. शब्द कळायला कोश, संकल्पना कळायला विश्वकोश.

प्रमाणपत्र नकोच असेल, नुसतं शिकायचं असेल, तर परीक्षेच्या मागे लागू नका. संगणक शिकायचा असेल त्यांना आम्ही आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलकडे पाठवतो. लिब्रेऑफिससारखी मोफत सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, त्यांतले बरेच मराठीतही आहेत. ते पाहायची पद्धत ठरलेली आहे: अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर ते सॉफ्टवेअर उघडं. एक कृती पाहायची, धडा थांबवायचा, तीच स्वतः करायची, मग पुढे. नुसता बघून काढलेला धडा दुसऱ्या दिवशी आठवत नाही. लहान फोनवर हे जमत नाही. आमच्याकडे २२ इंची पडद्यांची यंत्रं याच कामासाठी ठेवली आहेत, हेडफोनसह तासाला ३० रुपये. घरी इंटरनेट नीट चालत नसेल तर डीडी फ्री डिशवर स्वयम् प्रभाच्या शैक्षणिक वाहिन्या दिसतात, एकच पाठ दिवसातून अनेकदा दाखवतात, त्यामुळे सकाळचा चुकला तरी पुन्हा सापडतो.

पहिल्या बैठकीचे आम्ही २०० रुपये घेतो. त्यात खातं तपासणं, अभ्यासक्रम निवडणं, प्रवेश आणि सगळ्या मुदतींचं एक पानी वेळापत्रक छापून देणं आलं. घरी स्वतः करता येत असेल तर जरूर करा, वर सगळं सांगितलेलंच आहे. परीक्षेचं शुल्क तुम्ही थेट पोर्टलवर भरता, सध्या एनपीटीईएलला विषयाला १००० रुपये आहे. त्यातला एक रुपयाही आमच्याकडे येत नाही, सवलतीला पात्र असाल तर कागद सोबत आणा. अर्ज भरण्याचे ५० रुपये वेगळे.

येताना चालू असलेला स्वतःचा मोबाईल, परीक्षेला नेणार ते ओळखपत्र, फोटो आणि ई-मेल लिहिलेली वही घेऊन या. बुधवारी संध्याकाळी सातनंतर गर्दी असते, तेव्हा नवा प्रवेश घेत नाही. परीक्षेच्या अर्जासाठी शेवटच्या दिवशी येऊ नका: त्या दिवशी पोर्टल सावकाश चालतं, पैसे कापले जाऊन पावती अडकते, आणि आपल्या आवडीचं परीक्षेचं शहर तोवर भरलेलं असू शकतं. मुदतीच्या आठवडाभर आधी आलात तर काम अर्ध्या तासात होतं.