व्हिडिओवर मानसोपचार: कोणाला मिळतात, कागद कोणते लागतात

मदत मागायला कागद लागत नाही, हे आधी सांगते. कारण कागदांच्या धास्तीनेच पुष्कळ घरं थांबतात.

केंद्र सरकारची टेली मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा नंबर लावायचा, मराठी निवडायची, की समुपदेशक बोलायला येतात. सेवा मोफत आणि चोवीस तास आहे. उत्पन्नाची अट नाही, आजाराचं निदान झालेलं असायला हवं असंही नाही. घरच्या माणसासाठी तुम्हीही फोन करू शकता. गरज दिसली तर ते मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात किंवा सरकारी रुग्णालयाचा रस्ता दाखवतात. व्हिडिओची सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, पण सगळ्या राज्यांत एकदम नाही. आपल्याकडे ती आहे का, ते त्याच फोनवर विचारा. नसली तरी बोलणं सोडू नका.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा घरात सुरू असेल, तर व्हिडिओची वेळ ठरवत बसू नये. १०८ किंवा ११२ ला फोन करा, जवळचं रुग्णालय गाठा आणि त्या माणसाला एकटं ठेवू नका.

आपल्या पसंतीच्या डॉक्टरांकडे व्हिडिओवर जायचं असेल, तर २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचारांच्या, मार्गदर्शक सूचना लागू होतात. नाव, वय, पत्ता आणि फोन नंबर द्यावा लागतो. वयाबद्दल शंका आली, तर डॉक्टर पुरावा मागू शकतात. रुग्णाने स्वतः संपर्क केला, तर त्याची संमती त्यातच धरली जाते. जुन्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो आधीच पाठवून ठेवा.

खरी अडचण येते ती रुग्ण समोर बसायला तयार नसतो तेव्हा. तो शेजारी असेल, तर घरच्यांनी बोललेलं चालतं. नसेल, तर त्याच्या सहीचं अधिकारपत्र किंवा नातं सिद्ध करणारा कागद लागतो. तरीही रुग्णाला न पाहता औषध लिहायला डॉक्टरांनी नकार दिला, तर रागावू नका. त्यात रुग्णाचंच हित आहे. अठरा वर्षांखालच्या मुलासोबत मोठं माणूस हवंच, आणि त्या मोठ्या माणसाची ओळखही पटवावी लागते.

तुम्हीही डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक बघा. तो चिठ्ठीवर असायलाच हवा. मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात, मानसशास्त्रज्ञ देत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तीही विचारायला संकोच नको. शेड्यूल एक्स, म्हणजे कायद्याने कडक नियंत्रण ठेवलेल्या यादीतली औषधं, उदाहरणार्थ मिथाइलफेनिडेट, व्हिडिओवर लिहून देता येत नाहीत. त्यासाठी प्रत्यक्ष जावंच लागतं.

विमा असेल, तर पॉलिसीत ओपीडीचा खर्च धरलाय का ते वाचा. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं, असं मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सांगतो. फीची पावती आणि चिठ्ठी दोन्ही जपून ठेवा.

मुलगा किंवा मुलगी परदेशात शिकत असेल, तर वर सांगितलेल्या टेलिमेडिसिन सूचना भारताबाहेरच्या सल्ल्याला लागू नाहीत. इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथल्या औषध दुकानात चालेल असं धरून चालू नका. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवायला सांगा.