ड्रॅग कारच्या मागच्या वजनाचा प्रश्न कुठून आला?

पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे 402 मीटरच्या सरळ ड्रॅग शर्यतीत गाडीला वळायचे नसते. तिने जागेवरून लवकरात लवकर सुटायचे असते आणि तिची सगळी ताकद मागच्या दोन टायरमधून रस्त्यावर उतरते. त्यामुळे कोणत्या चाकावर किती वजन पडते, हा प्रश्न या खेळात अगदी सुरुवातीपासून आहे. त्याचे उत्तर मात्र दर काही वर्षांनी बदलत गेले आणि ते बदलवले प्रामुख्याने टायरने.

1950 मध्ये कॅलिफोर्नियातील सांता आना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या आणि पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही या शर्यतींची नियामक संस्था स्थापन केली. त्या काळातील टायर अरुंद व कडक असल्याने क्लच सोडताच जागच्या जागी फिरत आणि गाडीच्या आधी धूरच पुढे जाई. यावर सर्वांत सरळ उपाय म्हणजे जे जे जड ते ते मागे नेणे. 1950 च्या दशकाच्या मध्यास आलेल्या ‘स्लिंगशॉट’ (बेचकी) ड्रॅगस्टरमध्ये, म्हणजे खास या शर्यतीसाठी बांधलेल्या लांबट उघड्या गाडीत (याचे श्रेय सहसा मिकी थॉम्पसन यांना दिले जाते) इंजिन मागे सरकवले गेले आणि चालकाला तर थेट मागच्या ॲक्सलच्याही पलीकडे बसवले गेले. बेचकीच्या पट्ट्यात ठेवलेल्या खड्याप्रमाणे तो दिसे, म्हणून हे नाव पडले. चालकाचे शरीर हेही वजनाच्या हिशेबातले एक साधन ठरले.

बंद बॉडीच्या गाड्यांत ही मुभा नव्हती. तेथे दुसरा मार्ग निघाला आणि माझ्या मते या इतिहासातील सर्वांत बुद्धिमान टप्पा तोच होय. गाडी वेग घेते तेव्हा पुढच्या चाकांवरचा काही भार मागे जातो. तो किती, हे गाडीचे वजन, प्रवेग आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणाकाराला व्हीलबेसने (पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतराने) भागून मिळते. 1,400 किलोची गाडी 1 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या प्रवेगाने सुटली, तिचा गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि व्हीलबेस 2.7 मीटर असेल, तर सुमारे 260 किलो भार मागे जातो. उंची वाढवली की हा आकडाही वाढतो. क्रायस्लरच्या अभियंत्यांच्या ‘रॅमचार्जर्स’ गटाने 1949 च्या प्लिमथ गाडीला अक्षरशः उंचावर चढवून ‘हाय अँड मायटी’ बनवली, ती याच समीकरणावर. गॅसर वर्गातील, म्हणजे पेट्रोलवर धावणाऱ्या सुधारित गाड्यांच्या वर्गातील, नाक वर करून उभ्या राहणाऱ्या गाड्याही त्याच विचारातल्या. पुढे क्रँकशाफ्टची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची) उंची जमिनीपासून 24 इंचांपर्यंत मर्यादित करणारा नियम त्या वर्गासाठी करावा लागला.

1964 च्या फोर्ड थंडरबोल्टमध्ये बॅटरी डिकीत गेली. 1965 मध्ये क्रायस्लरने तर काही डॉज आणि प्लिमथ गाड्यांचा मागचा ॲक्सल 15 इंच आणि पुढचा 10 इंच पुढे सरकवला. म्हणजे वजन मागे नेण्याऐवजी चाकेच वजनाखाली आणली. एनएचआरएने त्यांना फॅक्टरी वर्गात प्रवेश नाकारला, पण त्यांच्या विचित्र दिसण्यावरूनच ‘फनी कार’ हा शब्द रूढ झाला.

पुढे रुंद, मऊ स्लिक (खाचा नसलेले) टायर इतके सुधारले की पकड पुरेशी झाली आणि उलटाच त्रास सुरू झाला: पुढची चाके नको तितकी उचलली जाऊ लागली. उंच गाड्या पुन्हा खाली आल्या, गाडी मागे उलटू नये म्हणून मागे व्हीली बार (टोकाला छोटी चाके असलेले दांडे) लागले आणि व्हीलबेस लांबला. 8 मार्च 1970 रोजी लायन्स ड्रॅगस्ट्रिपवर ट्रान्समिशन फुटून डॉन गार्लिट्स यांच्या उजव्या पायाचा काही भाग तुटला; त्यांनी पुढच्या वर्षी मैदानात आणलेल्या ड्रॅगस्टरमध्ये चालक पुढे आणि इंजिन मागे होते. ती रचना सुरक्षिततेसाठी आली, पण तिने चालकाचे वजन पुढे आणले.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. सुटताना गाडीचा मागचा भाग खाली बसला म्हणजे अधिक वजन मागे गेले, असे अनेकजण समजतात. प्रत्यक्षात हस्तांतरित भार वरच्या समीकरणाबाहेर जात नाही. स्प्रिंग, शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) आणि फोर-लिंकचे (मागचा ॲक्सल सांगाड्याला जोडणारे चार) दांडे ठरवतात ते हा भार टायरवर किती लवकर व किती झटक्याने पोहोचतो एवढेच. पुढचे सहज उघडणारे आणि सावकाश मिटणारे 90/10 शॉक त्यासाठीच आले.

दुसरी गुंतागुंत डाव्या-उजव्याची आहे. प्रोपेलर शाफ्टच्या (ताकद मागच्या ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) पिळाने अखंड मागचा ॲक्सल डावे चाक दाबतो आणि उजवे उचलू पाहतो. म्हणूनच बॅटरी डिकीच्या उजव्या कोपऱ्यात जाते. आज प्रत्येक चाकाखाली एक अशा चार वजनकाट्यांवर गाडी उभी करून, चालकाला आसनात बसवून आणि इंधन भरून आकडे पाहतात. मग फोर-लिंकच्या उजव्या वरच्या दांड्याची लांबी पाव फेरीने बदलतात. उजव्या मागच्या काट्यावर काही किलो वाढतात, त्याच्या तिरप्या समोरच्या, म्हणजे डाव्या पुढच्या काट्यावरही वाढतात, आणि उरलेल्या दोघांवर तेवढेच कमी होतात. मागच्या दोन काट्यांची बेरीज मात्र होती तितकीच राहते.