प्लग घट्ट आहे, तरी कॅमेरा बंद का पडतो?

रविवारी भाचा कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीच्या, ट्रॅकवरून तोंड पाडूनच आला. गाडीतल्या कॅमेऱ्याने तिसऱ्याच फेरीत मान टाकली होती, वर फाइलही उघडत नव्हती. मित्रांनी निदान करून टाकलं : मेमरी कार्ड गेलं. मी आधी कॅमेऱ्याला वीज देणाऱ्या केबलची पिन काढून उजेडात धरली. कथिलाच्या मुलाम्यावर एक बारीक काळसर ठिपका दिसला. दोष तिथे होता.

पिन सॉकेटमध्ये बसली की धातूला धातू सपाट चिकटतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोन्ही पृष्ठभाग खडबडीत असतात. पन्हाळ्याचा डोंगर उचलून जोतिबाच्या डोंगरावर पालथा घातला तर काही टोकंच एकमेकांना टेकतील, तसंच इथे होतं. सगळी वीज त्या मोजक्या टोकांतून जाते. इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 100 धक्के बसतात. 20 मिनिटांच्या शर्यतीत 1 लाख 20 हजार. प्रत्येक धक्क्याला पिन काही मायक्रोमीटर सरकते, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. हाताला ती घट्टच लागते. पण त्या घासण्याने कथिलाचा ताजा थर उघडा पडतो, हवेतला ऑक्सिजन लगेच त्याचा ऑक्साइड करतो, पुढचा धक्का तो खरवडतो, पुन्हा ताजा धातू, पुन्हा ऑक्साइड. कथिल मऊ, त्याचा ऑक्साइड मात्र कडक आणि वीज अडवणारा. ही भुकटी टोकांमध्ये साचत जाते आणि रोध वाढतो. इंग्रजीतलं ‘फ्रेटिंग’ ते हेच.

आता ओहमचा नियम लावा : रोध गुणिले प्रवाह, तेवढे व्होल्ट जोडातच खर्ची पडतात. जोडात अर्धा ओहम रोध वाढला आणि 1 अँपिअर वीज वाहत असेल, तर 5 व्होल्टचे साडेचारच कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतात. एवढ्यावर तो बंद पडू शकतो. व्हिडिओ फाइलची अनुक्रमणिका बहुधा रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते, ती राहून जाते. म्हणून फाइल उघडत नाही आणि आळ कार्डावर येतो.

दुकानदार ‘गोल्ड प्लेटेड’ केबल गळ्यात मारतात. सोनं गंजत नाही हे खरं, पण सोन्याची पिन कथिलाच्या सॉकेटात घातली तर कथिल सोन्यावर चढतं आणि ऑक्साइड तिथेही धरतो. बंपरला लिंबू-मिरची बांधूनही कंप कमी होत नाही.

उपाय कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही दुकानात मिळणारा केबल टाय. मात्र तो कुठे बांधायचा, हे महत्त्वाचं. पुष्कळ जण केबल गाडीच्या पाइपला आवळतात. पाइप आणि कॅमेरा वेगवेगळे हलतात, मग सगळा ओढा पिनेवरच येतो. प्लगपासून दोन-तीन सेंटिमीटरवर केबल कॅमेरा ज्या पट्टीवर बसवलाय तिलाच बांधायची, म्हणजे प्लग आणि सॉकेट एकत्र हलतात. त्यानंतर एक सैल वळसा सोडून मगच पुढचा टाय पाइपला. लोंबती केबल झोके घेते, म्हणून वळसा बोटभरच हवा.

भाच्याने पिन आणि सॉकेट दोन्ही बदलले, दोन टाय मारले आणि प्लगवर कापडी टेप गुंडाळली. टेपचा डिंक उन्हात पाघळतो, म्हणून ती फक्त जोडीला.