डिजिटल सुगम्यता

डिजिटल सुगम्यता : संकेतस्थळे, मोबाइल ॲप, स्वयंसेवा यंत्रे आणि डिजिटल दस्तऐवज ही साधने दृष्टी, श्रवण, हालचाल किंवा आकलन यांबाबत मर्यादा असलेल्या व्यक्तींना दुसऱ्याच्या मदतीवाचून वापरता यावीत, अशा रीतीने ती घडवण्याची व तशीच राखण्याची पद्धत. अनेक देशांत ती आता कायदेशीर जबाबदारी झाली असून तिच्यात कसूर करणाऱ्या संस्थेला तक्रार, दावा किंवा दंड यांना तोंड द्यावे लागू शकते.

अंध वापरकर्त्याचा स्क्रीन रीडर पानावरचे दृश्य पाहत नाही, तर त्यामागची संकेतरचना (कोड) वाचून दाखवतो. टोपलीचे चित्र असलेल्या बटणाला संकेतरचनेत नाव दिलेले नसेल, तर ऐकणाऱ्याच्या कानी फक्त ‘बटण’ एवढाच शब्द पडतो. अशी पाच बटणे ओळीने असली तर तोच शब्द पाच वेळा, आणि त्यांतले पैसे भरण्याचे कोणते हे कळायला मार्ग नाही. स्कॅन करून चढवलेला पीडीएफ म्हणजे त्याच्या लेखी एक मुके चित्र. माउस धरता न येणारी व्यक्ती कळफलकावरच्या टॅब कळीने पुढे सरकते. एखाद्या चौकटीत शिरल्यावर त्या कळीने बाहेरच पडता आले नाही, तर अर्ज तिथेच अडकतो. अडचणी अशा क्षुल्लक दिसतात, पण तक्रारींच्या मुळाशी बहुतेकदा त्याच असतात.

या क्षेत्रातील सर्वमान्य मापदंड म्हणजे वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेची ‘वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स’ ही मार्गदर्शक तत्त्वे. त्यांची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये, २.० ही २००८ मध्ये, २.१ ही २०१८ मध्ये आणि २.२ ही २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. आशय जाणवणारा, हाताळता येणारा, समजणारा आणि निरनिराळ्या साधनांवर टिकणारा असावा, या चार सूत्रांखाली त्यांतील निकष मांडलेले असून अनुपालनाच्या ए, डबल ए व ट्रिपल ए अशा तीन पातळ्या आहेत. कायदे व करार सहसा मधली पातळी मागतात. त्या पातळीवर साध्या आकाराचा मजकूर व त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ लागते, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे काढण्याची हौस इथेच अंगाशी येते.

ही तत्त्वे स्वतः कायदा नाहीत, आणि संस्थांची गफलत नेमकी इथे होते. कायद्यात तांत्रिक निकष नाही म्हणजे बंधनही नाही, हा युक्तिवाद अमेरिकेत डॉमिनोज पिझ्झाने केला होता. एका अंध ग्राहकाला कंपनीच्या संकेतस्थळावरून व ॲपवरून मागणी नोंदवता आली नव्हती. १९९० चा अपंगत्वविषयक कायदा या सेवेला लागू होतो आणि सविस्तर नियम नसणे ही सबब चालणार नाही, असे अपील न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. त्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात हात घालण्यास नकार दिला. त्याआधी, २००० मध्ये, सिडनी ऑलिंपिकच्या संयोजन समितीला अंध तक्रारदारास २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली होती. समितीच्या संकेतस्थळावरील चित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राचे शब्दांतले वर्णन, नसणे हा त्या तक्रारीचा एक मुद्दा होता.

युरोपीय संघाचा सुगम्यता अधिनियम २८ जून २०२५ पासून लागू झाला. बँकसेवा, ई-पुस्तके, ऑनलाइन विक्री अशा खासगी सेवाही त्याच्या कक्षेत येतात. दहापेक्षा कमी कर्मचारी व मर्यादित उलाढाल असलेल्या सेवासंस्थांना मात्र सूट आहे. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या उल्लंघनासाठी पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढे ५०,००० ते ५ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ शी जोडला. ॲसिडहल्ल्यामुळे डोळ्यांची उघडझाप करणे अशक्य झालेल्या व्यक्ती ई-केवायसीतील, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीतील, डोळ्यांची उघडझाप करून दाखवण्याच्या अटीपाशीच अडतात, हा त्या प्रकरणातील मुद्दा होता.

खटल्याच्या भीतीने काही संस्था संकेतस्थळावर एक तयार ‘आच्छादन’, म्हणजे मूळ पानावर वरून चढवलेले सॉफ्टवेअर, बसवतात. ते अक्षरे मोठी करते, रंग बदलते. मुळातल्या चुका मात्र बहुधा तशाच राहतात. असे साधन विकणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीला दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या २०२५ च्या आदेशानुसार १० लाख डॉलर द्यावे लागले. स्वयंचलित तपासणीलाही मर्यादा आहेत : चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही हे यंत्र सांगू शकते, परंतु तिथे फाइलचा क्रमांकच चिकटवलेला असला तरी ते तपासणीत पार पडू शकते. म्हणून कळफलक व स्क्रीन रीडर वापरून हाताने केलेली चाचणी आणि प्रत्यक्ष दिव्यांग वापरकर्त्यांचा सहभाग आवश्यक ठरतो. बाहेरून विकत घेतलेल्या प्रणालीतील दोषांसाठीही ग्राहक सेवा देणाऱ्या संस्थेलाच जाब विचारतो; त्यामुळे पातळी, चाचणीची रीत आणि दुरुस्तीची मुदत या बाबी पुरवठादाराच्या करारातच लिहून घेतल्या जातात, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर तपासणी पुन्हा केली जाते.