‘ट्रोपोनिन वाढलंय’ या वाक्याचा इतिहास

फ्लू आणि हृदयाचं नातं जुनं आहे. १९१८ आणि १९५७ च्या साथींत दगावलेल्या काही रुग्णांच्या शवविच्छेदनात हृदयस्नायूला सूज आढळली होती. जिवंत माणसाच्या रक्तात तिची खूण शोधायला मात्र हाताशी फारसं काही नव्हतं. ट्रोपोनिन म्हणजे हृदयस्नायूच्या पेशीतलं प्रथिन; पेशी दुखावली की ते रक्तात उतरतं. त्याची चाचणी आली १९८० च्या दशकाच्या अखेरीस, आणि २००० साली हार्ट अटॅकची व्याख्याच तिच्याभोवती बांधली गेली.

पुढचा गोंधळ इथूनच सुरू होतो. चाचणी इतकी संवेदनशील होत गेली, की न्यूमोनिया, मूत्रपिंडाचा विकार, फुप्फुसातली गुठळी अशा कशानेही आकडा वर दिसू लागला. म्हणून २०१८ च्या व्याख्येने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. निरोगी लोकांतले ९९ टक्के ज्या पातळीच्या आत असतात, तिच्या वर आकडा गेला की ‘हृदयस्नायूला इजा’. अटॅक म्हणायचं तर आकडा चढता-उतरता हवा आणि रक्तपुरवठा अडल्याचा पुरावाही हवा: छातीतलं दुखणं, ईसीजीतला बदल वगैरे. ‘इजा’ हा शब्द मला तेव्हाही खटकला होता. मराठीत इजा म्हटलं की कुणीतरी मारलेलं असतं. इथे एवढंच कळतं, की पेशीतलं प्रथिन रक्तात आलं. कशामुळे, ते कळत नाही.

मग आलं २०२०. वुहानमधल्या एका रुग्णालयातल्या ४१६ कोविड रुग्णांपैकी ८२ जणांना अशी इजा होती. त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ५१.२ टक्के, बाकीच्यांत ४.५. आकडे धडकी भरवणारे होते, पण हे ८२ जण वयानेही मोठे होते आणि रक्तदाब, हृदयविकार आधीपासून असलेले त्यांच्यात जास्त होते.

तरी प्रश्न उभा राहिलाच: दाखल होणाऱ्या प्रत्येकाचं ट्रोपोनिन करायचं का? हृदयरोगतज्ज्ञांच्या एका अमेरिकी संघटनेने मार्चमध्येच सांगितलं, की अटॅकची शंका असेल तरच करा. नाहीतर नको त्या इको आणि अँजिओग्राफीची रांग लागेल. विरुद्ध बाजूचं म्हणणं, कोण ढासळणार हे आधी कळलं तर खाट आणि लक्ष तिकडे वळवता येईल. दुसऱ्या बाजूत दम होता, पण आकडा पाहून उपचार नेमका काय बदलायचा, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. पहिल्या बाजूची भीती मला तरी जास्त खरी वाटते.

पुढे कोविडने दगावलेल्यांच्या शवविच्छेदनांत खरा मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयस्नायूची सूज, अपेक्षेपेक्षा कमी निघाला. ऑक्सिजनची तूट, हृदयाच्या उजव्या कप्प्यावरचा ताण, बारीक गुठळ्या हीच कारणं जास्त दिसली. बीएनपी या रक्तात मोजल्या जाणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाचंही तसंच. १९८८ मध्ये डुकराच्या मेंदूत सापडलं म्हणून नावात ‘ब्रेन’, पण काम हृदयावरचा ताण दाखवण्याचं. तेही वय आणि मूत्रपिंडाच्या विकाराने वाढतं.

आता रिपोर्ट वाचताना ट्रोपोनिनचे दोन वेळचे आकडे शेजारी ठेवतात. ट्रोपोनिनच्या टी प्रकारच्या अतिसंवेदनशील चाचणीत मर्यादा लिटरमागे १४ नॅनोग्रॅम. आल्यावर ४० आणि तीन तासांनी ४२ असेल, तर इजा बहुधा जुनी. ४० चे ४०० झाले, तर ईसीजी लगेच पुन्हा काढतात.