कान्सास कृष्णधवल नव्हतं

पुण्यात एखाद्या फिल्म क्लबात 'द विझर्ड ऑफ ऑझ'चा खेळ लागला की सूचनेत बहुतेकदा 'कृष्णधवल व रंगीत' असं लिहिलेलं असतं. खेळ संपल्यावर चहाच्या टपरीवर त्याच दोन शब्दांवरून जुंपते. अमेरिकेतल्या कान्सासमधली एक मुलगी वादळात उडून ऑझ नावाच्या जादूच्या देशात पोचते, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते; वाद असतो तो सुरुवातीच्या, कान्सासमधल्या वीसेक मिनिटांच्या रंगाचा.

चित्रपट १९३९चा. त्यातलं कान्सास कृष्णधवल फिल्मवर चित्रित झालं, पण प्रिंटला सेपिया छटा दिली होती. आजीच्या लग्नाच्या फोटोसारखी, तपकिरी. हा शब्दच्छल नाही. मुलगी दार उघडते आणि बाहेर ऑझ दिसतं, तो शॉट मुळात रंगीत फिल्मवरचा आहे. घराची आतली बाजू तपकिरी रंगवली, तपकिरी कपड्यांतल्या बदली मुलीने दार उघडलं आणि ती बाजूला झाली, मग निळ्या चौकडीच्या फ्रॉकमधली खरी नायिका पुढे आली. सगळी नाटकवाल्यांची युक्ती! संगीत नाटकांवर वाढलेल्या या शहराला ती चटकन कळावी. आधीचा भाग तपकिरी असेल तरच तिचा सांधा दिसत नाही.

१९४९ला चित्रपट पुन्हा लागला तेव्हा कान्सास साध्या काळ्यापांढऱ्यात छापलं गेलं. त्यामुळे दाराशी येताच करड्यातून एकदम तपकिरीत उडी बसते आणि गंमत आधीच फुटते. माझ्या मते तो निर्णय चुकलाच. सेपिया परतला तो थेट १९८९ला, पन्नाशीच्या व्हिडिओ-आवृत्तीत. आपल्या सूचनेतला 'कृष्णधवल' बहुधा त्या मधल्या प्रिंटांचाच वारसा.

रंगाच्या हट्टापायी पुण्याशी जोडलेल्यांचेही हात पोळले आहेत. १९३३च्या 'सैरंध्री'च्या रंगीत प्रती जर्मनीत छापून आणल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. तो काढणारी प्रभात फिल्म कंपनी त्याच वर्षी कोल्हापूरहून इथे आली.

ऑझवाल्यांना पहिल्या फेरीत तोटाच झाला. फायदा दिसला तो १९४९च्या त्या करड्या प्रिंटांनंतर, हे मान्य करावं लागतं. खरं नशीब काढलं टीव्हीने: १९५६ला अमेरिकेत पहिलं प्रक्षेपण आणि १९५९पासून जवळपास दरवर्षी, दिवाळीच्या फराळासारखं. त्या काळी बहुतेक घरांतले सेट काळेपांढरे, म्हणजे ऑझसुद्धा करडंच दिसे. तरी पोरं टीव्हीसमोरून हलली नाहीत. त्यांना धरून ठेवलं ते गाण्यांनी, आणि त्यातलं इंद्रधनुष्याचं गाणं तर 'फार संथ' म्हणून चाचणी-खेळांनंतर कापलं जाणार होतं!

राहता राहिले नायिकेचे बूट. १९००च्या मूळ पुस्तकात ते चंदेरी आहेत, रंगीत फिल्मवर उठून दिसावेत म्हणून लाल केले. त्यांतला एक जोड २००५ला संग्रहालयातून चोरीला गेला, २०१८ला सापडला आणि डिसेंबर २०२४ला २.८ कोटी डॉलरच्या बोलीला विकला गेला.